दोन पोळे आणि एक गाळा

चऱ्होलीत कुणाचा फोटो कुठल्या फ्लेक्सवर किती मोठा, यावरून भावकीत बोलणी बंद झालेली आहेत. खोटं वाटत असेल तर चौकात उभं राहून कुणालाही विचारा. फक्त विचारताना शेजारी कोण उभं आहे ते आधी बघून घ्या. वाढदिवस असो, निवड असो, दहावा असो, फ्लेक्स लागतोच. त्यावर कोण वर, कोण खाली, कोण गॉगल लावून, हे लोक मन लावून वाचतात. एखाद्याचा फोटो गेल्या वर्षी होता आणि यंदा नाही, म्हणजे त्या घरात चुली वेगळ्या झाल्या असं खुशाल समजावं.

तर अशा गावात इंद्रायणीने सासऱ्यांचा फोटो काढून टाकला. का काढला ते नीट सांगायला हवं, कारण गावाने ते नीट ऐकून घेतलं नाही.

तिचे सासरे कोंडाजी तात्या. जमिनीचा मोठा तुकडा बिल्डरकडे गेला, समोर सोसायट्यांचे टॉवर उभे राहिले आणि रस्त्याकडेला तात्यांनी गाळे काढले. बाकीचे भाड्याने गेले. कोपऱ्यातल्या एकात शर्यतीच्या बैलांचा कडबा पडलेला असायचा. शेती गेली तरी तात्यांनी गाड्याची एक बैलजोडी ठेवली होती. शर्यत म्हटली की त्यांना आजही जेवण सुचत नाही. इंद्रायणीने तो गाळा झाडला, फरशी धुतली आणि मशीन आणून टाकलं. तिचं माहेर खेडकडचं, तिथेही दारात गाड्याची बैलं, त्यामुळे बैलाच्या पाठीवरची झूल शिवणं, डोक्याची म्होरकी विणणं, रंगीत गोंडे बांधणं हे तिच्या हातात बसलेलं. तोच साज ती विकायला लागली. शर्यतीच्या दिवसांत पोरं येऊन घेऊन जायची. एरवी माशा मारायची वेळ. म्हणून तिने ठरवलं की ऑनलाइन विकायचं.

"तो मेडिकलवाला गाळा मागतोय," तात्या म्हणाले. "कोपऱ्याचा हाय म्हणून मागं लागलाय. पोळ्यापातूर बघू. तुझं चाललं तर ठीक, न्हाईतर मी देऊन टाकनार."

"चालेल तात्या," ती म्हणाली.

तिला तो गाळा हवा होता. किती हवा होता, हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. घरात बाईमाणूस ती एकटीच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. नवरा जयसिंग चाकणच्या कंपनीत, त्याच्या शिफ्टप्रमाणे डबा. दीर रोहिदासचं अजून लग्न जमायचं होतं, त्याचं जेवण. दोन पोरांची शाळा. तात्यांचा चहा आणि तात्यांकडे येणाऱ्या चार माणसांचा चहा. हे सगळं उरकून ती शटर वर करायची, पंखा लावायची आणि मशीनपुढे बसायची. त्या बसण्यात तिचा जीव होता. पण सुनेने असं कुठं बोलायचं असतं का? म्हणून ती नेहमी धंद्याचंच बोलायची.

वेबसाइट बनवली रोहिदासने. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान, हात तयार, आणि वहिनीसाठी काहीतरी करायची हौस. "वहिनी, वेबसाइट म्हणजे काय असती राव? मोबाइलमधला फ्लेक्सच की," असं म्हणून त्याने दोन दिवसांत काम फत्ते केलं. सगळं पान म्हणजे एकच भलंमोठं चित्र. वर गणपती, त्याखाली फेटा बांधलेले तात्या, तात्यांच्या खांद्यामागून डोकावणारे दोन बैल, उजवीकडे चुलते, डावीकडे मामा, खाली कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला जयसिंग आणि एका कोपऱ्यात गॉगल लावून 'संकल्पना' म्हणून स्वतः रोहिदास. मधोमध सोनेरी अक्षरांत 'शेतकऱ्याची शान, बैलाचा मान'. झूल आणि घुंगरमाळा होत्या कुठेतरी तळाला, फोन नंबराच्या शेजारी, नखाएवढ्या. इंद्रायणीचा फोटो नव्हता. तो नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि खरं तर तिच्याही आलं नाही.

गावात वेबसाइट गाजली. प्रत्येक ग्रुपवर फिरली, हात जोडलेल्या खुणांचा पाऊस पडला. तात्यांनी दूधवाल्यालाही दाखवली. फक्त एकही ऑर्डर आली नाही. इंद्रायणी रोज फोन उघडून बघायची आणि बंद करायची.

समोरच्या टॉवरमधल्या मृदुला मॅडम एकदा घुंगरमाळ घ्यायला आल्या. बैल नव्हता त्यांच्याकडे. फ्लॅटच्या दाराला बांधायची होती. सोसायटीवाल्यांची ही नवीच टूम. घरात बसून कंपनीचं काम करायच्या, आणि काम कसलं, तर फोनवर कुणी काही शोधलं की लोकांची दुकानं त्यात वर आणायचं. मूळच्या वर्ध्याच्या.

"ताई, तुमचं दुकान मला खिडकीतून दिसतं," त्या म्हणाल्या, "पण फोनवर शोधलं तर दिसत नाही. वेबसाइट आहे ना?"

इंद्रायणीने मोठ्या तोऱ्यात पान उघडलं. ते उघडायलाच इतका वेळ लागला की मधे मृदुलाने दोन माळा वाजवून बघितल्या. चित्र आलं. मृदुलाने ते वरून खाली, खालून वर सरकवलं.

"हे आजोबा कोण?"

"आमचे सासरे."

"छान आहेत. आणि विकायचं काय आहे?"

इंद्रायणीने तळाशी बोट दाखवलं. मृदुला हसली नाही, हे तिच्या मोठेपणाचं. तिने स्टूल ओढलं आणि समजावून सांगितलं. शोधणारं यंत्र आपल्यासारखं बघत नाही, ते अक्षरं वाचतं. चित्रात रंगवलेली अक्षरं त्याच्या लेखी बहुतेक चित्रच. म्हणजे एवढं सोनेरी पान त्याला कोरंच दिसणार. आणि माणूस फोनला काय विचारतो? शेतकऱ्याची शान कुणी शोधत नाही. मोठ्या बैलाची झूल, कापड कसलं, लांबी किती, घरपोच मिळेल का, असं शोधतो. गिऱ्हाईक दुकानात आल्यावर जे विचारतं आणि तुम्ही जे सांगता, तेच साध्या शब्दांत पानावर लिहायचं. प्रत्येक वस्तूला वेगळं पान. फोटो वस्तूचे, हलके, म्हणजे खेड्यातल्या फोनवरही पटकन उघडतील, आणि प्रत्येक फोटोला त्यात काय आहे ते सांगणारी एक ओळ. नकाशावर दुकानाची नोंद, खरा पत्ता, खरी वेळ.

"एवढंच?" इंद्रायणी म्हणाली.

"एवढंच. पण आज केलं आणि उद्या वर आलं असं होत नाही. आठवडे जातात."

"जाऊ द्यात की. पोळ्याला अजून अवकाश आहे."

"कुठे अवकाश? पोळा आलाच की."

मृदुलाने फोनवर एक आलेख काढून दाखवला, लोक कुठल्या दिवसांत काय शोधतात त्याचा. झूल, घुंगरमाळ, गोंडे, सगळ्यांची रेघ श्रावणाच्या शेवटाला उभी चढलेली, आणि पुढे आडवी.

"हे चुकलंय मॅडम," इंद्रायणी ठामपणे म्हणाली. "पोळा भाद्रपदात असतो."

"ताई, माझ्या माहेरी पोळा श्रावणातच असतो. अख्ख्या विदर्भात. मराठवाड्यातही."

आता बोला. जन्मापासून इंद्रायणीने पोळा बघितला तो भाद्रपद अमावास्येचा. माहेरी तोच, सासरी तोच. खाली कोल्हापूरकडे बेंदूर आधी होतो एवढं तिला ऐकून माहीत होतं, पण ते बेंदूर, पोळा नव्हे. पोळा म्हणजे आपला पोळा, असं या पट्ट्यात सगळेच धरून चालतात. तिने कापड आणायचं, झुली शिवायच्या, सगळं भाद्रपदाच्या हिशोबाने लावलं होतं. म्हणजे ज्यांना साज हवा होता ते घेऊन मोकळे झाले असते, आणि ही मागाहून दुकान सजवून बसली असती.

"मग ते चित्र काढावं लागेल?"

"आजच. सासऱ्यांचा फोटो ठेवा ना, 'आमच्याविषयी' असं एक पान करू, तिथे खाली..."

"खाली?" इंद्रायणीने मान हलवली. "मॅडम, खाली ठेवणं काढण्याहून वाईट."

तिने आधी रोहिदासला विचारलं. त्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. "तात्यांना उतरवायचं? वहिनी, मी भावकीत काय तोंड दाखवू? त्यापेक्षा असं करू, फोटो तसाच ठेवू आणि खाली बारीक अक्षरात झूल झूल झूल असं शंभर वेळा टाकू. त्याला शब्दच पाहिजेत ना?" तिने मृदुलाला विचारलं. मृदुला म्हणाली, ही युक्ती त्या यंत्राला केव्हाचीच ठाऊक आहे. असं केलं की ते दुकान आणखी मागे ढकलतं. जयसिंगला विचारलं तर तो ओव्हरटाइम करून आला होता. "तात्यांना विचार," एवढं बोलून झोपला. तात्यांना विचारायला ती दोनदा ओसरीपर्यंत गेली. दोन्ही वेळा तात्या चारचौघांत बसून फोनमधला तोच फोटो कुणाला तरी दाखवत होते. ती चहा ठेवून परत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाळ्यात बसून, मृदुलाला फोनवर विचारत विचारत, तिने चित्र काढून टाकलं. गणपती, तात्या, बैल, चुलते, मामा, सगळे एका बोटाने गेले. पानावर पांढरं काहीतरी उरलं. तिला हलकं वाटलं आणि लगेच भीती वाटली.

बातमी संध्याकाळच्या आत घरी. एका चुलत्याने पान उघडलं आणि स्वतःला शोधलं, सापडला नाही. मग काय विचारता. सुनेने सासऱ्याला उतरवलं, जयसिंग वेगळा निघतोय, गाळा नावावर करून घेतला, अशा एकावर एक अफवा चढत गेल्या. रोहिदास जेवायला बसलाच नाही. हॉटेलातून खाऊन आला आणि तसं सांगितलंही. जयसिंगने विचारलं, "तुला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"मग?"

"मग काय. म्हणून नाही विचारलं."

तात्या मात्र एक अक्षर बोलले नाहीत. तोवर रोज सकाळी ते गाळ्यात येऊन खुर्ची टाकायचे, पेपर वाचायचे, शिवलेल्या झुलीचा काठ ओढून बघायचे आणि काही न बोलता सोडून द्यायचे. ते यायचे बंद झाले. घरी चहा घ्यायचे, पण कप तिच्या हातात न देता पायरीवर ठेवायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं. इंद्रायणीला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगायचं. मशीनवर बसल्या बसल्या डोळे भरून यायचे आणि टाका वाकडा जायचा. मेडिकलवाल्याचा माणूस समोरच्या टपरीवर तात्यांशी बोलताना तिला दिसला, तेव्हा गाळा गेलाच असं तिने मनाशी धरलं.

पण हात थांबवले नाहीत. एकेक पान लिहीत गेली. लिहिणं म्हणजे तिला आधी डोंगर वाटला होता. मग तिने गिऱ्हाईक पुढ्यात उभं आहे असं धरलं आणि बोलायला लागली, फोन ते उतरवून घ्यायचा. झुलीचं कापड घामाने रंग सोडत नाही. बैलाचं वशिंड ते शेपटीचं मूळ एवढं माप घ्या आणि आम्हाला कळवा. म्होरकी आतून मऊ आहे, नाकाडावर घासत नाही. गोंडे पावसात भिजले तर उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा. मृदुलाने फक्त एवढंच बघितलं की पानाच्या मथळ्यात वस्तूचं नाव आहे, आणि विदर्भातला माणूस त्याच वस्तूला जे म्हणतो तेही कुठेतरी आलं आहे.

पुढे दिवसचे दिवस काही नाही. ती म्हणायची, "मॅडम, कुणी बघत तरी आहे का?" मृदुला म्हणायची, "धीर धरा." सोपं होतं त्यांना म्हणायला.

मग एका सकाळी पोळ्या लाटत असताना फोन आला. माणूस वणीचा होता, यवतमाळ जिल्ह्यातला. "त्या झुली तुमच्याइकडच्या आहेत काय जी? माप धाडतो. पोळ्याच्या आत भेटन का?" इंद्रायणीने लाटणं हातात धरूनच माप लिहून घेतलं, आणि ते लाटणं पुन्हा पोळपाटावर यायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी वाशीम, मग हिंगोली, मग पुन्हा वणी, पहिल्याच्या शेजाऱ्याचा. झूल शोधली की दुकान आता शोधाच्या पहिल्या पानावर दिसत होतं. कुरियरवाला रोज दारात गाडी लावायला लागला, तेव्हा गावाने ते पाहिलं. श्रावणातला पोळा झाला आणि लोकांनी सजवलेल्या बैलांचे फोटो पाठवले. तिने ज्याला-त्याला विचारून ते पानावर लावले, आणि खाली लोकांनी स्वतःहून लिहिलेलं, जसंच्या तसं. भाद्रपद उजाडला तरी फोन थांबले नाहीत. कुणाला शर्यतीसाठी हवं, कुणाला लग्नात घोडीऐवजी बैलगाडीतून जायचं.

रोहिदास वरमला होता. एका दुपारी येऊन त्याने पार्सलवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापून ठेवल्या, फोटोशिवाय, आणि काही न बोलता गेला. म्हणून तिला वाटलं, आता तात्यांनाही कळलं असेल. चाललं तर ठीक, असं तेच म्हणाले होते. आणि चाललं होतं. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

तात्या आले ते मेडिकलवाल्याच्या माणसाला घेऊन. सिद्धेश नाव त्याचं, इस्त्रीचा शर्ट, हातात मोजायची टेप. तात्यांनी खुर्चीकडे बघितलं नाही. भिंतीशी उभे राहून पार्सलांचा ढीग बघत राहिले.

"हे सगळं बाहेरगावचं?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"व्हय तात्या. परभणी, वाशीम, हे वणीचं. चांगलं चाललंय."

"दिसतंय की. मी काय आंधळा हाय?" तात्या म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. "फोटो काढलास तेव्हा मला लागलं. लागलं ते लागलं. पर काम तू खरं केलंस. म्हणूनशान म्हणतो, आता ह्या गाळ्याची गरज काय? वणीचा मानूस हितं येतोय का? त्याला फोनात दिसतं, फोनात पुरतं. मशीन वर माळ्यावर टाकू, पंखा लावून देतो. गाळा ह्यांना देऊ. तुझं बी चालंल, ह्यांचं बी."

सिद्धेशने टेप सोडली आणि दाराची रुंदी मोजायला घेतली.

तात्या खोटं काहीच बोलत नव्हते. धंदा चालत नाही म्हणून गाळा जाईल, याची इंद्रायणीने एवढी धास्ती घेतली होती; धंदा चालतो म्हणून तो जाईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्याकडे सांगायला कारणं होती. नकाशावर पत्ता या गाळ्याचा आहे, तो बदलला तर पुन्हा नोंद, पुन्हा वाट बघणं. माळ्यावर कापडाचे तागे चढवायचे कसे? ती तोंड उघडणारच होती. मग तिला त्या सगळ्याचाच कंटाळा आला. नाहीतरी तात्यांनी प्रत्येकावर तोड काढली असती. अख्खा श्रावण ती अनोळखी माणसांना साध्या शब्दांत सांगत आली होती, काय आहे आणि कसं आहे. घरच्या माणसाला एकदाही नाही.

"तात्या," ती म्हणाली, "गिऱ्हाइकासाठी नको मला गाळा. मला हवाय. बसायला."

तात्यांना कळलं नाही. "बसायला घर हाय की एवढं मोठं."

"घरात बसले का हो मी कधी?" तिचा आवाज चढला नव्हता. "लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही मला घरात बसलेलं कधी बघितलंत, सांगा. जेवते ती पण ओट्याशी उभी राहून. माळ्यावर मशीन टाकलं तर खालून हाक येणार, आणि मी उतरणार. मी उतरते म्हणूनच हाक येते. हितं शटरच्या आत असले की तुम्ही सगळे घटकाभर थांबता. ऑर्डरी येवोत न येवोत, मला ही जागा पाहिजे. पोळ्याचं, धंद्याचं, ते सगळं मी तुम्हाला पटावं म्हणून बोलत होते."

बोलून झाल्यावर ती घाबरली. सिद्धेश टेप हातात धरून दारात तसाच उभा होता, आत बघावं की बाहेर, हे त्याला कळेना. तात्या मशीनपुढच्या स्टुलाकडे बघत होते. एवढी वर्षं त्या घरात चहा त्यांच्यापुढे येत होता, आणि तो आणणारी चहा कुठे बसून पिते, हे आठवायचा ते प्रयत्न करत असावेत. आठवलं नसावं.

"मग तात्या?" सिद्धेशने शेवटी विचारलं. "दार मोजलं. आता आत मोजू?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "दुसरीकडं बघा तुमी. हितं आमची सून बसती."